लॅपटॉपमधून डीव्हीडी ड्राइव्ह कुणी काढला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : मुलीच्या कॉलेजसाठी नवा लॅपटॉप घेतला, घरी आल्यावर लक्षात आलं की डीव्हीडी घालायला जागाच नाही. दुकानदार म्हणाला, "काका, आता सगळे नेटवरच बघतात, म्हणून कंपन्यांनी ते देणं बंद केलं." घरी दीडशेच्या आसपास तबकड्या आहेत. पिक्चर, नाटकांच्या व्हीसीडी, गाणी, आणि २००६ सालच्या लग्नाच्या चार डीव्हीडी. दुकानदार खरं बोलला का, आणि या तबकड्यांचं आता करायचं काय?

दुकानदार खोटं बोलला नाही. त्याने गोष्टीचा फक्त शेवट सांगितला, मधला भाग गाळला. मी १९९९ पासून सांगलीत मशीन जोडायचं आणि दुरुस्तीचं काम करतो. हा ड्राइव्ह जाताना मी समोर बसून पाहिलाय. खरं सांगायचं तर कित्येक लॅपटॉपमधून तो माझ्याच हाताने काढलाय. ते पुढे सांगतो.

कॉम्प्युटरमध्ये हा ड्राइव्ह पिक्चर बघायला आलाच नव्हता. तो आला सॉफ्टवेअर टाकायला. फ्लॉपीत १.४४ एमबी मावायचं, सीडीत ६५० एमबी. म्हणजे साडेचारशे फ्लॉप्या एका तबकडीत. विंडोज ९८ ची सीडी, मदरबोर्डच्या खोक्यातली ड्रायव्हरची सीडी, प्रिंटरची सीडी, 'डिजिट' मासिकाबरोबर यायची ती सीडी. माझ्या पिशवीत स्क्रू ड्रायव्हरनंतर दुसरी वस्तू म्हणजे सीड्यांचं पाकीट. मग गाणी आली. मग रायटर स्वस्त झाला आणि "एक सीडी मारून द्या" हे गिऱ्हाइकाचं रोजचं वाक्य झालं. मार्चअखेरीला सीए लोकांची मुलं टॅलीचा डेटा सीडीवर घ्यायला रांग लावायची. पिक्चर त्यानंतर.

अशी चार कामं होती आणि ती एकेक करून सुटत गेली. गाणी मोबाइलच्या मेमरी कार्डात गेली. 'मेमरी कार्ड भरून मिळेल' अशा पाट्या आठवत असतील तुम्हाला. बॅकअप पेन ड्राइव्हवर आणि पोर्टेबल हार्ड डिस्कवर गेला. सॉफ्टवेअरचं काम जायला २००९ उजाडलं. विंडोज ७ आलं तेव्हा ते पेन ड्राइव्हवरून टाकायचं साधन मायक्रोसॉफ्टनेच दिलं. ज्या दिवशी मी पहिल्यांदा पेन ड्राइव्हवरून विंडोज टाकलं, त्या दिवसापासून पिशवीतलं सीड्यांचं पाकीट घरी राहायला लागलं. डीव्हीडी मध्येच एका ठिकाणी वाचता आली नाही की ९२ टक्क्यांवर अडकलेलं इन्स्टॉलेशन पुन्हा पहिल्यापासून करायचं, हा वैताग ज्याने सोसलाय त्यालाच त्या दिवसाचं मोल कळेल.

पिक्चरचं काम सगळ्यात शेवटी सुटलं. म्हणून सगळ्यांना वाटतं की नेटवरच्या व्हिडिओनेच ड्राइव्हचा बळी घेतला.

आता लॅपटॉप बनवणाऱ्याच्या बाजूने बघा. तबकडी १२० मिलिमीटर व्यासाची आणि १.२ मिलिमीटर जाडीची. ती फिरवणारी मोटर, खाली सरकणारी लेन्स, आत-बाहेर होणारा ट्रे असं सगळं धरून लॅपटॉपचा ड्राइव्ह १२.७ मिलिमीटर जाडीचा असायचा, नंतर ९.५ चा आला. लांबी-रुंदी सुमारे १२८ बाय १२६. पंधरा इंची लॅपटॉपच्या बुडाचा जवळजवळ सहावा हिस्सा याने खाल्लेला. शिवाय फिरणारे, सरकणारे भाग. लॅपटॉप आपटला की ट्रे वाकडा, धूळ गेली की लेन्स अधू.

जानेवारी २००८ मध्ये ॲपलने पहिला मॅकबुक एअर दाखवला, त्यात हा ड्राइव्ह नव्हता. लोक हसले. १९९८ च्या आयमॅकमधून याच कंपनीने फ्लॉपी काढली तेव्हाही हसले होते. २०११ मध्ये इंटेलने 'अल्ट्राबुक' नावाची टूम काढली : तेरा इंची लॅपटॉप १८ मिलिमीटरच्या आत, चौदा इंच आणि वरचा २१ च्या आत. या मापात साडेनऊ मिलिमीटरचा ड्राइव्ह बसवायचा तर बॅटरी कुठे ठेवणार? बॅटरी आणि ड्राइव्ह यांत एकच निवडायचं म्हटल्यावर निकाल ठरलेलाच होता. गिऱ्हाईक दुकानात आला की आधी लॅपटॉप उचलून वजन बघतो, डीव्हीडीचं नंतर आठवतं. तुमच्याच बाबतीत बघा, तुम्हालाही घरी आल्यावर आठवलं.

दुकानदाराचा अर्धा खरेपणा इथे येतो. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं आणि त्यातून डीव्हीडी पिक्चर चालवायची सोयच निघाली. डीव्हीडीचा व्हिडिओ एमपेग-२ या पद्धतीने दाबलेला असतो. तो उलगडणाऱ्या सॉफ्टवेअरचं परवाना शुल्क प्रत्येक मशीनमागे भरावं लागायचं. मायक्रोसॉफ्टचं म्हणणं होतं की लोक आता ऑनलाइन बघायला लागलेत, मग ज्या मशीनला ड्राइव्हच नाही तिच्यामागेही हे पैसे का भरायचे? त्या वर्षी दुकानात रोज एक तरी जण यायचा : "नवीन लॅपटॉप, पण डीव्हीडी रायटर खराब निघाला." रायटर ठणठणीत असायचा. डबल क्लिक केलं की फोल्डर उघडायचं आणि पिक्चर चालायचा नाही, एवढंच. व्हीएलसी नावाचा फुकट मिळणारा प्लेअर टाकून द्यायचो, दोन मिनिटांचं काम. त्याचे पैसे घ्यायला जीव धजायचा नाही, आणि न घ्यावेत तर दिवसातला अर्धा तास त्यातच जायचा.

आपल्याकडे मात्र ऑनलाइनची पाळी यायला अजून वेळ होता. हिशेब करून दाखवतो. २००७ च्या सुमारास मोझर बेअरने पिक्चरच्या व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना बाजारात आणल्या. कोऱ्या तबकड्या बनवणाऱ्या जगातल्या मोठ्या कंपन्यांत गणली जाणारी ही नोएडाची कंपनी. पायरेटेड डीव्हीडीच्या भावात असली माल मिळायला लागला, किराणा दुकानात काउंटरवर टांगलेला. उलट मोबाइलचा डेटा पुढे २०१६ पर्यंतही एका जीबीला दोन-अडीचशे रुपयांच्या घरात होता. डीव्हीडीत ४.७ जीबी. तेवढाच मजकूर मोबाइलवरून ओढायचा तर हजारावर रुपये, आणि तबकडी ३४ रुपयांत. कोण ओढणार? बीएसएनएलच्या एका ब्रॉडबँड प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोड फुकट असायचं. पोरं दोनचा गजर लावून उठायची, डाउनलोड चालू करून परत झोपायची. त्याला स्ट्रीमिंग म्हणत नाहीत.

म्हणून माझं मत असं : आपल्या गावांत डीव्हीडीला पहिला मार दिला तो पेन ड्राइव्हने. २०१० नंतर टीव्हीला पाठीमागे यूएसबी आलं. एकाने रात्री डाउनलोड केलेला पिक्चर सकाळी पेन ड्राइव्हवरून चार घरांत पोचायचा. घरातल्या डीव्हीडी प्लेअरवर कापडी झाकण पडलं ते तेव्हाच. कायद्याच्या दृष्टीने ते काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे, पण झालं ते असं झालं.

आणि मग ५ सप्टेंबर २०१६. जिओ सुरू झालं आणि मार्च २०१७ अखेरपर्यंत डेटा फुकटच होता. त्याच वर्षी जानेवारीत नेटफ्लिक्स भारतात आलं होतं, डिसेंबरात प्राइम व्हिडिओ आलं. हॉटस्टार त्याआधी २०१५ पासून होतंच. रात्री दोनचा गजर एका महिन्यात बंद झाला. पेन ड्राइव्ह भरून न्यायला येणारी पोरं दुकानात दिसेनाशी झाली. मोझर बेअरच्या डोक्यावर सौरऊर्जेच्या धंद्याचं कर्जही होतं, त्यामुळे तिच्या पडण्याचं सगळं खापर स्ट्रीमिंगवर फोडता येणार नाही. पण सप्टेंबर २०१८ मध्ये कंपनी कायदा न्यायाधिकरणाने तिच्या अवसायनाचा, म्हणजे गाशा गुंडाळण्याचा, आदेश दिला. गमतीची गोष्ट म्हणजे नेटफ्लिक्सचा धंदाच मुळात टपालाने डीव्हीडी पाठवण्याचा. त्यांनी २००७ मध्ये अमेरिकेत स्ट्रीमिंग सुरू केलं, तरी तबकड्या पाठवणं बंद केलं ते थेट २९ सप्टेंबर २०२३ ला. कॉम्प्युटरमधून ड्राइव्ह जाऊन दहा वर्षं होत आली तरी तिकडे लाल पाकिटं टपालात फिरत होती.

यात एक तांत्रिक बारकावा आहे. स्ट्रीमिंग परवडायला लागलं ते फक्त डेटा स्वस्त झाला म्हणून नव्हे. डीव्हीडीवरचा व्हिडिओ सेकंदाला साडेनऊ-दहा मेगाबिटपर्यंत जाऊ शकतो. एच.२६४ ही व्हिडिओ दाबायची २००३ ची पद्धत तसंच चित्र दीड-दोन मेगाबिटमध्ये बसवते. शिवाय स्ट्रीमिंगमध्ये व्हिडिओचे काही सेकंदांचे तुकडे करून प्रत्येक तुकडा कमी-जास्त दर्जात तयार ठेवलेला असतो; रेंज घसरली की पुढचा तुकडा हलक्या दर्जाचा येतो, चित्र धूसर होतं पण थांबत नाही. ओरखडा आला की डीव्हीडी चौकोन-चौकोन होऊन तिथेच अडकते. लोकांना धूसर चालतं, अडकलेलं चालत नाही.

मग ब्लू-रेने ड्राइव्हला का वाचवलं नाही? एका थराच्या तबकडीत २५ जीबी, चित्र आजही स्ट्रीमिंगपेक्षा सरस. पण कॉम्प्युटरवर ब्लू-रे म्हणजे कुलुपांची माळ : ड्राइव्ह वेगळा, विकतचं सॉफ्टवेअर, ग्राफिक्स कार्ड चालणारं हवं, मॉनिटरची केबलसुद्धा मान्य असलेली. फोर-के ब्लू-रेची तर आणखी तऱ्हा. पीसीवर ती रीतसर चालवायला इंटेलच्या प्रोसेसरमधली एसजीएक्स नावाची सोय लागते, आणि इंटेलने ती ११व्या पिढीपासून घरगुती प्रोसेसरमधून काढून टाकली. म्हणजे महागातला नवा कॉम्प्युटर घेतला तर फोर-के तबकडी चालत नाही, जुन्यावर चालते. माझ्या दुकानातून ब्लू-रे ड्राइव्ह किती गेले ते मोजायला एका हाताची बोटं पुरतात.

आता माझ्या हातच्या कामाचं. एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान, न फिरणारी डिस्क, स्वस्त व्हायला लागल्यावर जुन्या लॅपटॉपांचं एक ठरलेलं काम सुरू झालं. डीव्हीडी ड्राइव्ह एका स्क्रूवर असतो. तो काढायचा, त्या जागी 'कॅडी' नावाची चौकट घालायची, मूळ हार्ड डिस्क त्या कॅडीत आणि तिच्या जागी नवी एसएसडी. कॅडी मागवताना ९.५ की १२.७ एवढंच बघायचं. लॅपटॉप पळायला लागायचा. काढलेला ड्राइव्ह मी गिऱ्हाइकापुढे ठेवायचो : "हा घेऊन जा." दहातले आठ म्हणायचे, "ठेवा तुमच्याकडेच, काय करायचाय?" तसे साठलेले ड्राइव्ह एका प्लास्टिकच्या क्रेटमध्ये माळ्यावर आहेत. कंपन्यांनी ड्राइव्ह काढला म्हणून आपण तक्रार करतो, पण या क्रेटमधले सगळे मालकाच्या परवानगीने निघालेत.

त्या क्रेटला अलीकडे पुन्हा भाव आलाय. हॉस्पिटलमध्ये एमआरआय, सीटी स्कॅन केलं की अजून बऱ्याच ठिकाणी सीडी हातात देतात. पेशंटचा मुलगा सीडी घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे जातो, त्यांच्या केबिनमधल्या कॉम्प्युटरला ड्राइव्ह नसतो, मग दोघं माझ्याकडे. कोर्टाच्या कामातही इलेक्ट्रॉनिक पुरावा तबकडीवर द्यायची सवय मोडलेली नाही. एकदाच लिहिता येणारी तबकडी नंतर बदलता येत नाही, हा तिचा गुण तिथे कामाला येतो. अशा लोकांना मी क्रेटमधला एक ड्राइव्ह यूएसबीच्या केसिंगमध्ये बसवून देतो.

तुमच्या दीडशे तबकड्यांकडे येऊ. बाहेरून लावायचा यूएसबी डीव्हीडी रायटर दोन-तीन हजारांत अजून नवा मिळतो. घ्या. दोन सूचना : लॅपटॉपच्या पोर्टला थेट लावा, हबमधून नको. आणि ड्राइव्ह नुसताच कट-कट आवाज करून थांबत असेल तर तो बिघडलाय असं लगेच समजू नका. बहुतेक वेळा त्याला करंट पुरत नसतो. यूएसबी २ चं पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतं, तबकडी फिरायला लागताना त्याला जास्त लागतो. म्हणूनच काही ड्राइव्हच्या केबलला दोन तोंडं असतात. दोन्ही लावा.

सुरुवात लग्नाच्या चार डीव्हीडींपासून करा. पिक्चर उद्याही कुठे ना कुठे मिळेल. तुमचं लग्न कुठल्याही कंपनीच्या सर्व्हरवर नाही. बाजारातली पिक्चरची डीव्हीडी कारखान्यात ठसा उमटवून बनते. फोटोग्राफरने तुम्हाला दिली ती रायटरवर मारलेली. तिच्यात रंगाचा थर असतो, लेझरने तो जागोजागी भाजून व्हिडिओ लिहिलेला असतो, आणि हा थर ऊन, उष्णता, दमट हवा यांनी विटतो. कपाटात कोकणातल्या पावसाळ्यासारखा दमटपणा असेल तर वाट बघू नका. तबकडी लावली की आत व्हिडिओ_टीएस नावाचं फोल्डर दिसेल, त्यात एकेक जीबीच्या व्हीओबी फाइली. अख्खं फोल्डर तसंच हार्ड डिस्कवर उतरवा, व्हीएलसीमध्ये उघडेल. लगेच एमपी४ करायच्या मागे लागू नका. ते कधीही करता येतं, मूळ मात्र हातात राहिलं पाहिजे. फोल्डरऐवजी आख्ख्या तबकडीची आयएसओ फाइल, म्हणजे तबकडीची हुबेहूब नक्कल एकाच फाइलीत, केली तर आणखी बरं.

मध्येच कॉपी अडकली तर तबकडी काढा, मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ रेषेत पुसा. गोल गोल पुसू नका, गोल ओरखडा वाचताना जास्त त्रास देतो. तरी जमलं नाही तर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून बघा. हे मी अनेकदा पाहिलंय : एका ड्राइव्हने हात टेकले, दुसऱ्याने मुकाट वाचली. प्रत्येकाची लेन्स वेगळी, थकवा वेगळा. टूथपेस्ट लावायचे उपाय कुणी सांगेल, ते शेवटी ठेवा; खरं तर नकोच.

नाटकांच्या व्हीसीडी सगळ्यात नाजूक. एक तर त्या सीडी आहेत, आणि सीडीत चकाकणारा थर वरच्या, चित्राच्या बाजूला पातळ लाखेखाली असतो. आपण जपतो खालची बाजू, आणि वरच्या बाजूवर बॉलपेनने नाव लिहितो, तेच तिला मारतं. डीव्हीडीत हा थर दोन तुकड्यांच्या मधोमध असतो, म्हणून ती थोडी चिवट. दुसरं, व्हीसीडीत जास्त व्हिडिओ मावावा म्हणून चुका दुरुस्त करणारा एक अख्खा स्तर गाळलेला असतो. आतल्या एमपेगएव्ही फोल्डरमध्ये डॅट नावाची फाइल असते, तीच नाटक. कॉपी करून व्हीएलसीत उघडा. चित्र ३५२ बाय २८८ चं आहे, मोठ्या टीव्हीवर फिकं दिसणार. त्याला इलाज नाही. पण कुठल्या नाटकाचे हक्क कुणाकडे अडकलेत आणि ते नेटवर कधी येणार याचा भरवसा नसतो, म्हणून या व्हीसीडी मी पिक्चरच्या आधी घेईन.

पिक्चरच्या डीव्हीडींना बहुतेक कुलूप असतं. ते तोडून कॉपी करून द्या असं मला सांगू नका. कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने असं कुलूप तोडण्याविरुद्ध ६५अ हे कलम आलंय, आणि मला दुकान चालवायचंय. ड्राइव्ह लावून बघा, मजेत बघा. कुणी परदेशातून आणलेली असेल आणि ड्राइव्ह रीजन (तबकडी जगाच्या कुठल्या भागात चालावी तो क्रमांक) बदलायला सांगत असेल तर जरा थांबा : भारताचा रीजन ५, आणि कॉम्प्युटरच्या ड्राइव्हला आयुष्यात पाचदाच तो बदलता येतो. पाचव्यांदा जिथे ठेवाल तिथेच तो कायमचा अडकतो.

हॅंडीकॅमच्या छोट्या आठ सेंटिमीटरच्या तबकड्या असतील तर त्या वेगळ्या काढा. त्या ट्रेच्या ड्राइव्हमध्ये चालतात, फटीतून ओढून घेणाऱ्या ड्राइव्हमध्ये घालू नका, आत अडकतात. आणि तबकडी कोरी दिसली तर टाकून देऊ नका. शूटिंगनंतर 'फायनलाइज' करायचं, म्हणजे दुसऱ्या मशीनवर वाचता यावी म्हणून तबकडी बंद करायचं, राहिलं असेल, तो कॅमेरा घरात कुठे असेल तर आधी तो शोधा. चार्जरसकट.